मोत्या भिंतीवर: रंगवून घ्यावा की छापून?

घरातल्या कुत्र्याचं किंवा मांजराचं मोठं चित्र लावायचं ठरलं की पहिली चर्चा पैशांची होते आणि दुसरी सोफ्यामागच्या भिंतीची. दोन्ही थोड्या पुढे ढकला. आधी मोबाइल उघडा आणि ज्या फोटोवर तुमचा जीव आहे तो बोटांनी मोठा करा, इतका की प्राण्याचे दोन डोळे पडदाभर व्हावेत. बुबुळात खिडकीच्या उजेडाचा ठिपका दिसतो का? भुवईवरचे केस सुटे दिसतात, की सगळं मेणचट झालंय? नाकावरची ओलसर, दाणेदार कातडी कळते का? तिन्हीला 'हो' असेल तर हा फोटो कॅनव्हासवर छापण्याजोगा आहे आणि चित्रकार शोधण्याची फारशी गरज नाही. 'नाही' असेल तर छपाईवाल्याकडे जाऊन उपयोग नाही. तो फोटो मोठा करेल आणि त्याबरोबर त्यातले दोषही.

रंगवलेलं चित्र म्हणजे श्रीमंती आणि छापील कॅनव्हास म्हणजे स्वस्तातली तडजोड, असा एक समज आहे. माझं मत उलटं आहे. चांगल्या फोटोची नीट छपाई बेताच्या चित्रापेक्षा केव्हाही सरस. बेताच्या चित्रात कुत्रा दिसतो, पण तो तुमचा मोत्या नसतो, कुणाचाही असू शकतो. गावठी कुत्र्यांच्या बाबतीत हे फारच होतं. त्यांचं अरुंद मुस्कट, अंगाला चिकटलेले आखूड केस, एक उभा आणि एक अर्धा मुडपलेला कान हे सगळं सरावाने जातिवंत कुत्री रंगवणाऱ्या हाताला चुकीचं वाटतं आणि तो नकळत ते 'दुरुस्त' करतो. मुस्कट थोडं रुंद होतं, कान सरळ होतात, अंगावर केस वाढतात. चित्र छान येतं आणि घरच्यांना ते ओळखीचं वाटत नाही.

आता फोटोचं गणित. कॅनव्हासच्या छपाईला इंचाला १५० ठिपके पुरतात, कारण कापडाची वीण बारकावा थोडा गिळतेच आणि मोठं चित्र माणूस चार-पाच फुटांवरून बघतो. म्हणजे १२ बाय १८ इंचांसाठी १८०० बाय २७०० पिक्सेल हवेत, तर २४ बाय ३६ साठी ३६०० बाय ५४००, म्हणजे जवळपास दोन कोटी. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा पूर्ण फोटो साधारण ४००० बाय ३००० चा असतो. तो २६ बाय २० इंचांपर्यंत सुखाने जातो. पण 'पूर्ण' हा शब्द लक्षात ठेवा. फोटोत कुत्रा एका कोपऱ्यात, बाकी सगळी बाग, आणि तुम्ही फक्त कुत्रा कापून घेतलात तर हातात पाव फोटो उरतो. दुसरी खोट व्हॉट्सअ‍ॅपची. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. त्यातून दहा-साडेदहा इंचांच्या पुढे चांगलं काही निघत नाही. 'ताईच्या मोबाइलवर आहे, तिने ग्रुपवर टाकला होता' असा फोटो असेल तर ताईकडून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

प्राणी अजून घरात फिरत असेल तर जुन्या फोटोंवर घासाघीस करण्यापेक्षा नवा काढा. खिडकीजवळ, गॅलरीत किंवा ओसरीवर, सकाळी किंवा ढगाळ दिवशी. पावसाळी उजेड यासाठी फार चांगला. सावल्या मऊ पडतात आणि डोळे मिटले जात नाहीत. तुम्ही खाली बसा, कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय खुजे येतात. अगदी जवळ जाऊन काढलात तर नाक फुगतं, म्हणून पाच-सहा फूट मागे सरका आणि मोबाइलमध्ये दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. फ्लॅश बंद. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशने डोळे हिरवे-पिवळे पेटतात आणि नंतर ते काढताना डोळ्यांचा खरा रंगही जातो. मागचं सगळं धूसर करणारा 'पोर्ट्रेट मोड' माणसांसाठी ठीक आहे. मांजराच्या मिशा आणि कानातले केस तो बिनदिक्कत कापून टाकतो.

काळ्या आणि पांढऱ्या प्राण्यांचा वेगळा विचार करावा लागतो. काळ्या बोक्याचा मोबाइलवर छान दिसणारा फोटो कॅनव्हासवर छापला की निम्मा अंधारात जातो. पडदा स्वतः उजळलेला असतो, कॅनव्हास नसतो, आणि मॅट कॅनव्हासवर गडद छटांमधला फरक मुळातच कमी उठतो. फोटो बघताना पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून बघा, छपाई साधारण तशी येणार. सावल्या थोड्या उजळून द्यायला सांगा. पांढऱ्या पॉमेरेनियनचं उलटं. भर उन्हात काढला तर पाठीवरचे केस कोऱ्या कागदासारखे होतात आणि ट्यूबलाइटखाली काढला तर कुत्रा पिवळट किंवा हिरवट येतो. पिवळटपणा निघतो, पण पांढऱ्यात हरवलेले केस कुणालाच परत आणता येत नाहीत. इथे चित्रकाराचा हात वरचढ ठरतो. चांगला चित्रकार काळ्या अंगावर निळसर, तपकिरी छटा शोधतो आणि पांढऱ्यात करडा, जांभळट. काळा प्राणी असेल आणि पैशांची फार ओढाताण नसेल तर मी चित्राकडे झुकेन.

चित्राची खरी गरज मात्र दुसऱ्याच वेळी पडते: प्राणी गेलेला असतो आणि धड फोटो एकही नसतो. एकात तोंड छान, पण रात्रीचा. एकात रंग बरोबर, पण पाठमोरा. एकात भाचीने त्याला टोपी घातलेली. हे सगळे तुकडे जोडणं संगणकावरही होतं, पण उजेडाची दिशा जुळत नाही आणि डोकं चिकटवलेलं दिसतं. चित्रकार हे सगळं एका उजेडात आणू शकतो. वेगवेगळ्या काळात घरात राहिलेली दोन कुत्री एकाच सतरंजीवर बसवायची असतील तर त्यालाच सांगावं. तरी एक अट आहे. भाव तो मनाने घडवू शकत नाही. चेहऱ्याचा निदान एक फोटो असा हवा की बघताक्षणी घरातला कुणीही 'हाच तो' म्हणेल. तो लहान, धूसर असला तरी चालेल. त्याशिवाय अंगाच्या ठेवणीचा एक, दिवसाच्या उजेडातल्या रंगाचा एक, आणि असेल तर चालता-फिरता व्हिडिओ. बरोबर चार ओळी लिहून द्या: कुठला कान मुडपायचा, नाकावर ओरखडा कुठे होता, अनोळखी माणसाकडे तो मान तिरकी करून बघायचा की सरळ. चांगला चित्रकार हे स्वतःहून विचारतो. न विचारता 'फोटो पाठवा, आठ दिवसांत देतो' म्हणणाऱ्याबद्दल थोडी शंका धरा.

मांजर असेल तर आणखी एक सांगा: डोळ्यातली बाहुली. भर उजेडात ती उभी चीर असते आणि संध्याकाळी गोल, काळीभोर. चेहऱ्याचा सगळा स्वभाव त्यावर बदलतो. फोटोत जे आलं ते आलं. चित्रात तुम्हाला निवडता येतं.

पार्श्वभूमीचा मोह टाळा. सोफा, पडदे, बाग, मागे गोव्याचा किनारा, हे सगळं चित्रात भरायची हौस अनेकांना असते आणि त्याचा खर्चही वाढतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत जॉर्ज स्टब्जने १७६२ च्या सुमाराला रंगवलेला 'व्हिसलजॅकेट' नावाचा घोडा आहे. जवळपास खऱ्या घोड्याएवढा, आणि मागे काहीही नाही, नुसता फिका सपाट रंग. आजही लोक त्यासमोर थबकतात. तुमच्या टॉमीसाठीही तेवढंच पुरे.

माध्यम ठरवताना आपलं हवामान विसरू नका. तैलरंग देखणे, खोल, केसांवरची चमक त्यांच्याइतकी दुसऱ्या कशात येत नाही. पण ते पाणी उडून वाळत नाहीत. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. वरून कोरडं लागलं तरी आतून वाळायला महिने लागतात आणि शेवटचा वॉर्निशचा हात साधारण सहा महिन्यांनी द्यायचा असतो. दिवाळीला हवंय म्हणून दसऱ्याला तैलचित्र सांगायला गेलात तर प्रामाणिक चित्रकार नाही म्हणेल. अ‍ॅक्रिलिक तासाभरात वाळतं, दमट हवेतही टिकतं, आणि हल्ली अनेक चित्रकार तेच सुचवतात. हट्ट नसेल तर अ‍ॅक्रिलिकवर समाधान मानायला हरकत नाही. जलरंग महाराष्ट्राच्या हाताला चांगलेच सरावलेले. मांजराच्या मऊ लवेला त्यांच्यासारखं माध्यम नाही. पण ते कागदावर असतात, त्यांना काच हवी, काचेत आणि कागदात अंतर ठेवणारं माउंट हवं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात, कसर लागते ती वेगळी. ड्राय पेस्टल सुरेख दिसतं आणि कुरिअरमध्ये झडतं. पेन्सिल किंवा कोळशाचं रेखाटन स्वस्त, लवकर होणारं आणि एकरंगी प्राण्यासाठी पुष्कळदा रंगीत चित्रापेक्षा बोलकं. ठिपक्यांची, तीन रंगांची मांजर असेल तर मात्र पेन्सिलमध्ये तिची ओळखच पुसली जाते.

चित्रकार कुठे शोधावा? मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेरच्या फुटपाथवर बसणाऱ्या चित्रकारांची कामं जाता-येता बघता येतात. सर ज. जी. कला महाविद्यालय, पुण्याचं अभिनव, कोल्हापूरचं दळवीज्, पणजीच्या आल्तिन्यावरचं गोवा कला महाविद्यालय अशा ठिकाणी शिकलेली मुलं अशी कामं घेतात आणि वार्षिक प्रदर्शनात त्यांचा हात दिसतो. मात्र माणसांची व्यक्तिचित्रं सफाईने करणाऱ्याला प्राणी जमतोच असं नाही. त्याने आधी रंगवलेला प्राणी आणि ज्यावरून रंगवला तो फोटो, दोन्ही शेजारी ठेवून दाखवायला सांगा. नुसतं सुंदर चित्र बघून काही कळत नाही, साम्य बघायचं आहे.

इथे फसवणुकीचा एक प्रकार सांगायला हवा, कारण तो वाढलाय. संगणकावर फोटोला रंगाच्या फटकाऱ्यांचा मुलामा चढवायचा, तो कॅनव्हासवर छापायचा, वरून पारदर्शक जेल ब्रशने फिरवायचं आणि 'हाताने रंगवलेलं' म्हणून विकायचं. हात लावला की उंचसखल लागतं, त्यामुळे गिऱ्हाईक खूश. ओळखायला अवघड नाही. जेलचे फटकारे केसांच्या दिशेने न जाता भलतीकडेच जातात. भिंगातून किंवा मोबाइलच्या मॅक्रो लेन्समधून बघितलं तर छपाईचे एकसारखे बारीक ठिपके दिसतात. खऱ्या रंगात एका फटकाऱ्याचा रंग सलग असतो. सांगतानाच अट घाला की पहिलं रेखाटन, अर्धवट रंग आणि डोळे झाल्यावरचा टप्पा, तिन्हीचे फोटो मिळाले पाहिजेत. छापील कॅनव्हासला टप्पे नसतात. संगणकावर केलेलं डिजिटल चित्र हा प्रकारही आहे आणि तो प्रामाणिकपणे 'डिजिटल' म्हणून विकला जात असेल तर त्यात वावगं काही नाही, फक्त त्याचे पैसे तैलचित्राचे देऊ नका.

छपाईवाल्याला विचारायचे प्रश्न थोडे आहेत. शाई पिगमेंटची की डायची? पिगमेंटची घ्या, ती घरात कित्येक वर्षं टिकते. फ्लेक्स छापणाऱ्या यंत्रावर कॅनव्हास चढवून देणारी दुकानंही आहेत. तिथल्या छपाईला जवळून वास येतो आणि केसांचा बारकावा राहत नाही. कापड सुती, पॉलिएस्टर की मिश्र? मिश्र बहुतेकांना पुरतं. कडा कशा वळवणार? फोटोच मागे वळवला तर प्राण्याचा कान किंवा शेपूट फ्रेमच्या बाजूला जाते. दीड इंची फ्रेमला चारही बाजूंनी साधारण दोन इंच जादा जागा लागते. ती फोटोत नसेल तर कडा एका रंगाच्या किंवा आरशासारख्या उलट्या छापून घ्या. आणि मोठी ऑर्डर देण्याआधी त्याच फोटोची आठ बाय दहाची साधी मॅट प्रिंट कलर लॅबमधून काढून दोन दिवस भिंतीला चिकटवून बघा. नगण्य खर्चात रंग, अंधार, कापाकापी सगळं कळतं. १२ इंचांपेक्षा लहान हवं असेल तर कॅनव्हासचा नादच सोडा. इतक्या लहान आकारात कापडाची वीणच केसांवर मात करते. चांगल्या कागदावर छापून काचेच्या फ्रेममध्ये घाला.

शहरात हा विषय कुत्र्या-मांजरांवर थांबतो, पण पुणे, सातारा, सांगलीकडे शर्यतीच्या खिलार बैलाचा फोटो दारात आणि बैठकीत असतो. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलगाडा शर्यतींना मान्यता देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून ही हौस आणखी मोकळी झाली. बैलाचा फोटो समोरून काढू नका. जाणकार बैल बाजूने बघतो: वशिंड, शिंगांची ठेवण, पाठीची रेघ, खूर. पंधरा-वीस फूट लांब उभं राहून, त्याच्या पोटाच्या उंचीवरून, थोडं झूम करून काढा, म्हणजे डोकं अंगाच्या मानाने मोठं येणार नाही. झूल आणि बाशिंगाचा फोटो पोळ्याला काढाच, पण मोठ्या फ्रेमसाठी उघड्या अंगाचा घ्या. लख्ख उजेडात पूर्ण बैल मिळतो, त्यामुळे इथे छपाईच बरी. चित्रात शिंगं हमखास चुकतात.

पैशांचं ठोकळ सांगायचं तर छापील कॅनव्हास काही शे ते काही हजारांत बसतो आणि आठवड्यात हाती येतो. रंगवलेलं चित्र काही हजारांपासून सुरू होऊन चित्रकाराच्या नावाप्रमाणे वर जातं आणि त्याला एक-दोन महिने द्यावे लागतात. चित्रातले प्राणी वाढले की किंमत वाढते आणि लांब केसांचा प्राणी आखूड केसांच्या प्राण्यापेक्षा जास्त वेळ खातो, तेव्हा चाऊचाऊला पगपेक्षा जास्त सांगितले तर वाद घालू नका. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली चित्र बघून, हा रिवाज बरा. किती बदल फुकट करून मिळतील हे आधीच लिहून घ्या, मेसेजमध्ये का होईना.

हक्कांचंही एकदा बोलून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या १७ व्या कलमानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा किंवा चित्राचा पहिला कॉपीराइट, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे असतो. म्हणजे तुमच्या बोक्याचं चित्र चित्रकाराला मग आणि कॅलेंडरवर छापून विकायचं असेल तर त्याने तुम्हाला विचारलं पाहिजे. मित्राने हौसेने, फुकट काढलेला फोटो मात्र मित्राचा. त्यावरून चित्र करून घेण्याआधी त्याला सांगा.

नुकताच कुणाचा प्राणी गेला असेल आणि तुम्हाला भेट द्यायची असेल तर मोठा कॅनव्हास नेऊन त्यांना चकित करू नका. काहींना तो चेहरा दिवसभर समोर नको असतो, आणि भिंतीवर लावलेलं उतरवणं न लावण्यापेक्षा कठीण. उभं करून ठेवता येईल असं लहान रेखाटन द्या, कुठे ठेवायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

लावताना पश्चिमेच्या उन्हाची, स्वयंपाकघराच्या वाफेची आणि देवघराच्या धुराची भिंत सोडा. ओल येणाऱ्या भिंतीवर लावणं भागच असेल तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळते. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला तर घाबरू नका. चांगल्या स्ट्रेचर फ्रेमच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात, त्या हलक्या हाताने ठोकल्या की कापड ताणलं जातं. दुकानातल्या स्वस्त फ्रेमला ही सोय नसते, म्हणून घेतानाच ती उलटी करून बघा.

चित्र ताब्यात घेताना दिवसाच्या उजेडात बघा, आणि घरातलं एखादं लहान मूल बरोबर न्या. काय चुकलं ते मोठ्यांच्या आधी तेच सांगतं. दुरुस्ती सांगायची तर क्रम ठेवा. आधी डोळ्यांमधलं अंतर, मग डोळ्यांपासून नाकापर्यंतची लांबी, मग कान. रंगाचं सगळ्यात शेवटी, कारण तो दहा मिनिटांत बदलतो. डोळे सरकवायचे तर अर्धा चेहरा पुन्हा रंगवावा लागतो.